बदलीबाईचा हात

तिचं खरं नाव हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं, आणि नवरा चिडला की त्याच्या तोंडी यायचं. बाकी सगळ्या जगाला ती बदलीबाई. कारखान्यात तिला नेमून दिलेली जागा नव्हती आणि त्याचाच तिला भारी अभिमान होता. लाइनवर चौदा जागा, चौदा बायका, आणि पंधरावी ही. कुणाला बाथरूमला जायचं असो, कुणाच्या बोटाला कापलेलं असो, कुणाला शाळेतून फोन आलेला असो, तिने हात वर करायचा आणि बदलीबाईने जाऊन तिच्या जागी उभं राहायचं.

गाड्यांच्या पोटात वायरींचे जाडजूड जुडगे असतात. दिव्यापासून भोंग्यापर्यंत वीज नेतात ते. ते जुडगे बांधायचा हा कारखाना. दाराएवढ्या फळ्या समोरून सरकत जायच्या. पहिलीने दोन वायरी लावायच्या, दुसरीने तीन, कुणी क्लिपा ठोकायच्या, सातवीने टेप गुंडाळायची आणि चौदावीने तयार जुडगा फळीवरून उतरवून घ्यायचा. दर दोन मिनिटांनी फळी पुढे. एखादीचं काम राहून गेलं की लाइन थांबायची, वर लाल दिवा लागायचा, भोंगा वाजायचा आणि सुपरवायझर धावत यायचा. त्याला बायकांनी चलाचला असं नाव ठेवलं होतं, कारण ‘चला’ आणि ‘चला’ यांशिवाय तिसरा शब्द त्याच्या तोंडातून कुणी ऐकला नव्हता. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर कुणीतरी चला चला करणारं बसलेलं होतंच.

बदलीबाईच्या लाइनवर लाल दिवा सहसा लागत नसे. बाई हात वर करायच्या आधी हिला कळायचं. पाय चोळायला लागली की तिला बसायचंय, सारखी दाराकडे बघायला लागली की तिला जायचंय. ही मागून जायची, कोपराने हलकेच ढकलायची आणि म्हणायची, “जा तू. मी आहे ना.” दिवसातून पन्नास वेळा तरी ती हे म्हणायची. तेरा वर्षं. माणसाला पुढे पुढे स्वतःच्याच बोलण्याची नशा चढते, तसं तिचं झालं होतं. आपण आहोत म्हणून या चौदाजणींचे संसार चाललेत, असं तिला मनातून वाटायचं, आणि ते अगदीच खोटं होतं असंही नाही.

घरीही तीच तऱ्हा. एकाच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन भाऊ समोरासमोरच्या खोल्यांत राहायचे. थोरला बसडेपोत मेकॅनिक, तो हिचा नवरा. धाकटा रंगारी, काम निघेल त्या गावी महिना महिना जाणारा. त्याची बायको म्हणजे हिची जाऊ. तिला घरातले सगळे धाकटीच म्हणायचे. बदलीबाईचा मुलगा मोठा होऊन परगावी नोकरीला लागला होता, आणि धाकटीची मुलगी जेमतेम सहा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिचं नाव भिंगरी. दोन्ही घरांची दारं उघडीच असायची आणि कुठल्या घरचं भांडं कुठल्या घरात आहे याचा हिशेब कुणी ठेवत नसे. जावाजावांचं पटत नाही म्हणतात. यांचं पटायचं, कारण धाकटी कमी बोलायची आणि बदलीबाई तिच्याही वाटचं बोलायची.

धाकटीला कारखान्यात हिनेच आणलं. तीन वर्षांपूर्वी हाताला धरून सात नंबरच्या जागेवर उभी केली आणि आठवड्याभरात टेप शिकवली. टेप ओढून, ताणून, अर्ध्यावर अर्धी चढवत गुंडाळायची असते. सैल राहिली तर वायर उघडी पडते, जास्त ताणली तर तुटते. धाकटीचा उजवा हात त्यात असा बसला की चलाचला नवीन मुलींना तिच्यासमोर आणून उभं करायचा आणि नुसतं बघायला सांगायचा. त्या वेळी बदलीबाईचा ऊर भरून यायचा. माझी जाऊ आहे, असं ती न विचारताच सांगायची.

मग कारखान्यात आरोग्याची योजना आली. तिच्याबरोबर आरोग्यवाल्या मॅडम आल्या. तिशीच्या, सपाट चपला घालणाऱ्या, काखेत कायम एक निळी फाइल. त्यांनी कॅन्टीनच्या भिंतीवर मोठं चित्र लावलं. एका बाईच्या एका हातात घर, दुसऱ्या हातात कारखाना, आणि बाई हसतेय. खाली लिहिलेलं, ‘काम आणि घर, दोन्हींचा तोल’. बायकांनी ते चित्र नीट बघून घेतलं. एक म्हणाली, “दोन्ही हात भरलेत. नाक खाजलं तर काय करते ही?” दुसरी म्हणाली, “हिच्याकडे डबा नाही की पिशवी नाही. ही रजेवर दिसतेय, म्हणून हसतेय.” मॅडमही हसल्या. त्यांना बायकांविषयी खरी कळकळ होती, हे पुढे सगळ्यांना कळलं, पण फार उशिरा.

योजना चांगली होती. दर दुसऱ्या गुरुवारी प्रत्येकीचा रक्तदाब बघायचा, वजन करायचं, मान-खांद्यांचे चार व्यायाम शिकवायचे, काही दुखतंखुपतं असेल तर लिहून घ्यायचं. प्रत्येकीला पिवळं कार्ड, त्यावर नंबर आणि रकाने. आता खोट कुठे होती ते ऐका. लाइन थांबवायची नाही म्हणून हे सगळं सुट्टी झाल्यावर, पाच वाजता. बायकांची तब्येत बायकांच्याच वेळातून सुधारायची होती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना हे सुचणं साहजिक होतं. पहिली बस पाच-दहाची, दुसरी पाच-पन्नासची. नर्सपुढच्या रांगेत उभं राहिलं की पहिली बस गेलीच म्हणून समजा.

आणि भिंगरीचं पाळणाघर साडेपाचला बंद व्हायचं. पाळणाघरवाली बाई घड्याळाची पक्की. साडेपाच झाले की उरलेल्या मुलांना दप्तरासकट बाहेरच्या पायरीवर बसवायची आणि कुलूप लावायची. तिलाही घरी पोरं होती, तिला तरी काय म्हणणार. पहिल्या गुरुवारी धाकटी रांगेत थांबली आणि सव्वासहाला पायरीवर पोचली, तेव्हा भिंगरी एकटी बसून बुटाची नाडी सोडत आणि बांधत होती. रडली नाही. “मी नव्वदपर्यंत मोजलं, मग पुढचं येत नव्हतं,” एवढंच म्हणाली. धाकटीने हे घरी येऊन बदलीबाईला सांगितलं.

पुढच्या तपासणीच्या गुरुवारी पाच वाजता तिने धाकटीच्या हातातलं कार्ड काढून घेतलं. “जा तू. मी आहे ना.”

धाकटीला आधी समजलं नाही. “ताई, माझा रक्तदाब तू कसा मोजणार?”

“तुझ्या नंबरावर माझा हात. नर्सला काय कळतंय? टोपी तीच, कोट तोच. बस पकड आधी.”

आणि खरंच नर्सला कळलं नाही. नर्स बाहेरच्या एजन्सीतून यायची, कधी ही, कधी ती. बदलीबाईने एकदा स्वतःचं कार्ड दिलं, उठून रांगेच्या शेवटी गेली आणि पुन्हा धाकटीचं कार्ड घेऊन बसली. दोन्ही वेळा एकशे अठरा, शहात्तर. “छान आहे,” नर्स म्हणाली. बदलीबाईला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. आयुष्यात कुणी तिला आकड्यांत छान म्हटलं नव्हतं.

अशी गोष्ट एकीपुरती राहत नाही. दोन नंबरचीच्या सासऱ्यांना औषध द्यायचं असे, अकरा नंबरचीचा मुलगा दहावीला, आणखी दोघींना दुसरी कामं. महिन्याभरात बदलीबाईच्या कोटाच्या खिशात पाच पिवळी कार्डं आली. तिचा डावा हात दर दुसऱ्या गुरुवारी सहा वेळा आवळला जायचा, सैल व्हायचा. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तशी ती तपासणी. एकदा एका वयस्क नर्सने चष्म्यावरून बघत विचारलं, “तुम्ही मघाशी आला होतात ना?” बदलीबाई म्हणाली, “ती माझी बहीण. आमच्या घराण्याचा चेहराच एक आहे.” हा किस्सा दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी सगळ्या लाइनने तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा पोट धरून हसल्या. धाकटीही हसली. तिच्या हसण्याची बदलीबाईला आता आठवण येते तेव्हा ती हातातलं काम खाली ठेवते.

लाइनची तपासणीची हजेरी पूर्ण, आकडे सगळ्या कारखान्यात उत्तम. चलाचलाच्या लाइनचा फोटो कॅन्टीनच्या भिंतीवर लागला, त्या हसऱ्या बाईच्या शेजारीच.

सात महिने असे गेले. आठव्या महिन्यात धाकटीचं डोकं दुखायला लागलं. मागून, मानेच्या वर. सकाळी उठतानाच दुखायचं. ती कपाळाला ओढणी आवळून बांधायची, त्यावर टोपी घालायची आणि सातव्या जागेवर उभी राहायची. “चष्मा लागणार बहुतेक,” म्हणायची. बदलीबाई तिला दहा-दहा मिनिटं जास्त सोडायची, चहा आणून द्यायची, रात्रीची भांडी स्वतः घासायची. सगळं करायची. जे करायला हवं होतं तेवढं मात्र तिच्या डोक्यात आलं नाही.

आणि तो गुरुवार. पाच वाजले, मशीनं थांबली, बायका कोट काढायला लागल्या. बदलीबाईने सवयीने हात पुढे केला. चार कार्डं आली. धाकटी कार्ड हातात धरून उभीच.

“ताई, आज मी थांबते,” ती म्हणाली. “मलाच मोजून घेऊ दे. फार ठणकतंय गं. डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं होतंय.”

“दिवसभर त्या काळ्या टेपकडे बघून दुसरं काय होणार? घरी जाऊन जरा पड, बरं वाटेल.”

“आजच्या दिवस थांबते ना.”

“आणि पोरगी बसेल पायरीवर. आण ते इकडे. मी आहे ना.”

धाकटीने कार्ड पुढे केलं, पण लगेच सोडलं नाही. क्षणभर दोघींच्या बोटांत ते कार्ड होतं. मग तिने सोडलं आणि बसकडे गेली. बदलीबाईने त्या दिवशी सहा वेळा हात आवळून घेतला. सात नंबरच्या कार्डावर एकशे सोळा, चौऱ्याहत्तर आलं. मागच्या वेळेपेक्षाही छान.

‘भिंगरीला मी आणते, तू थांब.’ एवढं एक वाक्य. तेरा वर्षं पन्नास-पन्नास वेळा दुसऱ्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या बाईला ते का सुचलं नाही, याचं उत्तर तिला आजपर्यंत सापडलेलं नाही. तिच्या हातात आणखी चार कार्डं होती, हे एक कारण. दुसरं कारण ती फक्त स्वतःशी कबूल करते. तिला त्या खुर्चीत बसून ‘छान आहे’ ऐकायची सवय लागली होती.

पाच दिवसांनी, मंगळवारी सकाळी साडेनवाला, सात नंबरच्या जागेवर टेपचं रीळ खाली पडलं. धाकटीने वाकून उचललं. पुन्हा पडलं. बदलीबाई लाइनच्या दुसऱ्या टोकाला होती, तिथून तिने बघितलं आणि ती धावली. फळी पुढे सरकायला आली होती. तिने धाकटीला कमरेला धरून मागच्या स्टुलावर बसवलं, स्वतः टेप उचलली आणि गुंडाळायला लागली. “बस जरा. पाणी पी. मी आहे ना.” फळी वेळेवर पुढे गेली. मग दुसरी आली, मग तिसरी. मागून धाकटी काहीतरी म्हणाली. शब्द नीट लागले नाहीत. झोपेत बोलल्यासारखे वाटले. “हो हो, बस,” बदलीबाई मान न वळवता म्हणाली.

बारा फळ्या गेल्या. पंचवीस मिनिटं. तेराव्या फळीला आठ नंबरची ओरडली, “अगं, हिचं तोंड बघ.” धाकटीच्या ओठाची उजवी बाजू खाली ओघळली होती आणि उजवा हात मांडीवरून घसरून लोंबत होता.

लाइन थांबली असती तर लाल दिवा लागला असता. दिवा लागला असता तर भोंगा वाजला असता, चलाचला धावत आला असता, मॅडम आल्या असत्या, गाडी बोलावली असती. लाइन थांबली नाही, कारण बदलीबाईने थांबू दिली नाही. त्या दिवशीच्या तक्त्यावरही चलाचलाने सवयीने लिहिलं, अडथळा नाही. मग ते वाचून स्वतःच खोडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “सुरुवात कधी झाली?” बदलीबाईने वेळ सांगितली. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. मेंदूतली बारीक रक्तवाहिनी फुटली होती. दाब मोजला तर दोनशेच्या वर. तोवर मॅडम पिवळं कार्ड घेऊन पोचल्या होत्या. डॉक्टरांनी ते उलटसुलट करून बघितलं. “मागच्या गुरुवारी एकशे सोळा? आठ महिने हे असेच? हे या बाईचं कार्ड आहे का नक्की?” मॅडम म्हणाल्या, “मलाही कळत नाही.” बदलीबाई दोन पावलांवर उभी होती. तिने फरशीकडे बघितलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं तिची आई म्हणायची. तब्येतीचंही आणता येत नाही, हे आई सांगायची राहून गेली होती.

त्या दिवशी ती बोलली नाही. भीती नोकरीची होती, आणि एकट्या स्वतःच्या नोकरीची नव्हती. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी तिने उरलेल्या चौघींना एका कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाली, “मी मॅडमना सांगणार आहे.” दोन नंबरची भडकली. “तुला मोकळं व्हायचंय म्हणून आम्हाला कशाला बुडवतेस? आमची नावं घेऊ नकोस.” बदलीबाई म्हणाली, “नाव मी एकीचंही घेणार नाही. पण उद्या तुम्ही आपल्या पायांनी दवाखान्यात जाऊन खरं मोजून या. तुमच्या पाया पडते.” तिला पाया पडताना कुणी पाहिलं नव्हतं.

मॅडमच्या खोलीत तिने उभ्या उभ्याच सांगितलं. किती कार्डं, किती गुरुवार, सगळं. बोलता बोलता तिने डाव्या हाताची बाही वर केली. का केली तिलाही कळलं नाही. मॅडम चिडतील अशी तिची समजूत होती. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी निळी फाइल उघडली आणि एक कागद तिच्यासमोर ठेवला.

“वाचा,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, चष्मा नाही आणला.”

“मग मीच सांगते. चार महिन्यांपूर्वी मी वर लिहून दिलं होतं. तपासणी कामाच्या वेळेत घ्या. ज्यांना त्रास आहे त्यांना अर्धा तास आधी सोडा. मुलं, म्हातारी माणसं, सगळं यांनाच बघावं लागतं, या थकतात, असं लिहिलं होतं. वरून विचारलं, थकतात तर आकड्यांत दाखवा. मी दाखवायला गेले. तुमच्या लाइनचे आकडे सगळ्यात चांगले होते.” त्यांनी फाइल मिटली. “ते म्हणाले, बायका ठणठणीत आहेत, उगाच वेळ कशाला मोडायचा. सुंठेवाचून खोकला गेला त्यांचा. मला वाटलं, माझंच चुकतंय. आठ महिने मी पाच बायकांच्या नावाखाली तुमची एकटीची तब्येत बघत होते.”

बदलीबाई खुर्चीत बसली. कुणी बस म्हटलं नव्हतं. बसची चाळीस मिनिटं वाचवायला गेली, आणि ज्यांना त्रास होता त्यांना मिळाला असता तो अर्धा तास तिनेच घालवला. तेलही गेलं, तूपही गेलं. तिला रडू आलं, पण इथे रडणंसुद्धा तिला आगाऊपणाचं वाटलं.

“एक विचारू?” मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला चौदाही जागांचं काम येतं ना?”

“येतं.”

“मग कामाच्या वेळेत एकेकीला दहा मिनिटं पाठवलं आणि तिच्या जागी तुम्ही उभ्या राहिलात, तर लाइन थांबेल?”

बदलीबाईने विचार करायला एक क्षणही घेतला नाही. “नाही थांबणार.”

“हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.”

पुढे तसंच झालं. बदलीबाईला लेखी ताकीद मिळाली, तिने ती घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवली. चौघी खरं मोजून आल्या. त्यांतल्या दोघींचा दाब चढलेला निघाला आणि त्यांना गोळ्या सुरू झाल्या. तपासणी सकाळच्या पाळीत आली. आता दर दुसऱ्या गुरुवारी बदलीबाई एकीमागून एक चौदा जागांवर उभी राहते आणि बायका आपापला हात घेऊन नर्सकडे जातात. लाल दिवा लागत नाही. तिचं कौतुक झालं की ती मान खाली घालते. हे एवढंच करायचं होतं. जागा घ्यायची होती ती लाइनवरची, नर्सपुढची नव्हे. सात नंबरला नवीन मुलगी आहे. टेप जरा सैल बांधते.

धाकटी दीड महिन्याने घरी आली. पायात जोर आला, भिंतीला धरून चालते. बोलणं हळूहळू परत आलं, एकेक शब्द लांबून आणल्यासारखं. उजवा हात मात्र अजून यायचाय. रंगारी दीर गावातलीच कामं घेतो. स्वयंपाक, कपडे, भिंगरीची वेणी, सगळं बदलीबाई करते. ती धाकटीला घास भरवायची, तिची बटणं लावायची, तिचा उजवा हात आपल्या हातात घेऊन मिटवायची आणि उघडायची, दिवसातून कितीतरी वेळा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने एकदा ते बघितलं.

“काकू, हे तुम्ही नका करू,” ती म्हणाली. “बाकी घरातलं काय हवं ते करा. पण हा हात त्यांनाच हलवायचाय. तुम्ही हलवलात तर तुमचाच हात चांगला होईल.”

मुलगी आपली सहज बोलून गेली. बदलीबाई न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारून आली.

परवाच्या रविवारची दुपार. भिंगरी जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. धाकटी पलंगावर बसली होती, पुढ्यात एक वाडगा आणि कपडे वाळत घालायचे दहा चिमटे. उजव्या हाताने चिमटा दाबून वाडग्याच्या काठाला लावायचा, एवढाच व्यायाम. अर्ध्या तासात तिचे तीन लागले होते. एके काळी दोन मिनिटांत हातभर टेप गुंडाळणारा हा हात. बदलीबाई समोर बसून बघत होती, आणि चार महिने मनात ठेवलेलं तिच्या तोंडून निघालं.

“त्या गुरुवारी तू थांबते म्हणाली होतीस. मी तुला थांबू दिलं नाही. तुला आठवतं का गं?”

आठवत नसेल, अशी तिला आशा होती. डॉक्टर म्हणाले होते, त्या दिवसांतलं काही पुसलं गेलेलं असू शकतं.

धाकटीने चिमट्यावरून नजर काढली नाही. “आठवतं,” ती म्हणाली. भिंगरीची पेन्सिल कागदावर घासत होती. “रोज.”

बदलीबाईला वाटलं, ही आता आणखी काही म्हणेल. दोष देईल, किंवा जाऊ दे म्हणेल. कशालाही ती तयार होती. धाकटीने चौथा चिमटा बोटांत धरला. अंगठा कापायला लागला, चिमटा अर्धवट उघडला, वाडग्याच्या काठापर्यंत गेला आणि निसटून पलंगाखाली पडला. बदलीबाईचा हात आपसूक पुढे गेला. धाकटीने डाव्या हाताने तो मनगटाला धरला आणि गादीवर दाबून ठेवला. त्या डाव्या हातात अजून चांगला जोर होता.

“तू... बस,” ती म्हणाली.

मग ती पलंगाची कड धरून सावकाश खाली वाकली. बदलीबाईने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि ती बसून राहिली. चिमटा भिंतीपाशी गेला होता. धाकटीला तो सापडायला वेळ लागत होता.